अजून ओलं आहे, नाना

नाना,

आज रविवार. पोहे झाले, चहा झाला, आणि सुहासनं सवयीनं विचारलं, "वजनाचा काटा काढू का गं?" विचारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो उगाच कपबश्या विसळायला उठला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तुमच्या लेकानं आपणहून कप विसळलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तुम्हाला जाऊन सहा आठवडे होत आले. तेराव्याला मंडळी आली, तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलली. कारखान्यातली नोकरी, वक्तशीरपणा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी पाण्याचे ग्लास फिरवत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे कुठले नाना? आपल्या सुनेशी दोन वर्षं एका गाठीवरून भांडणारे, रुसले की चार-चार दिवस न बोलणारे, आणि बोलले की नेमकं वर्मावर बोट ठेवणारे नाना यांना भेटलेलेच दिसत नाहीत. आपलं ते भांडण अर्धवट राहिलं. शिवाय मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते, लागोपाठ नऊ रविवार. ते कबूल करायचं राहून गेलं. म्हणून आज लिहायला बसले आहे.

आमच्या भोपाळमधल्या कोटरा सुल्तानाबादच्या घरी माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या बाबांनी तुम्हाला विचारलं होतं, "पॅटर्न शॉप म्हणजे नेमकं काय काम?" बाबा सरकारी कचेरीतले, फायलींबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले. यंत्रांचं त्यांना काही कळत नसे. तुम्ही म्हणालात, "लोखंडाचा जो भाग ओतायचा, तो आधी मी लाकडात करतो. त्यावरून वाळूचा साचा होतो. माझं लाकूड केसभर वाकलं, तर पुढचं टनभर लोखंड भंगारात." बाबांना हे फार आवडलं. नंतर महिनाभर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की आमचे व्याही लाकडात लोखंड करतात.

तर लाकडाला वाकू न देण्यात ज्याचा जन्म गेला, असा माणूस रिटायर झाल्यावर काही वर्षांनी धनुष्याच्या नादी लागला. नाद लावला धनसिंग भाईंनी. ते तुमच्याच शॉपमधले, रायसेनकडच्या एका गावातले गोंड. रिटायर होऊन शेतीला लागलेले. त्यांच्या घरी त्यांच्या वडिलांचं जुनं धनुष्य होतं. तुम्ही ते सहज ओढून पाहिलंत आणि घरी येऊन दोन दिवस त्याच्याबद्दलच बोलत राहिलात. "वैशाली, पस्तीस वर्षं मी लाकडाला सांगत होतो, हलू नकोस. आणि हे लाकूड म्हणतं, वाकव मला, मी परत सरळ होऊन दाखवतो." मी मेथी निवडत होते. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. ते काही उतरलं नाही. आधी बांबूची तीन-चार धनुष्यं झाली, ती शेजारपाजारच्या भिंतींवर गेली. मग तुम्हाला धामणीच्या झाडाचं हवं झालं, अखंड एका लाकडाचं, कारण धनसिंग भाईंच्या वडिलांचं तसं होतं.

झाड निवडायला आपण गेलो ते दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत. गाडी मी चालवली, कारण सुहासच्या ड्रायव्हिंगवर तुमचा विश्वास नव्हता आणि तुम्ही ते त्याला तोंडावर सांगत होता. धनसिंग भाईंच्या शेताच्या बांधावर धामणीची आठ-दहा झाडं. मला वाटलं, एखादं दाखवायचं, तोडायचं, परत येताना गरम जिलेबी खायची. तुम्ही अख्खी दुपार घालवलीत. प्रत्येक खोडावरून तळहात फिरवायचा, सालीवरची एक रेघ धरायची आणि बोटानं तिचा माग काढत वर जायचं. "हिला पीळ आहे. रेघा फिरत वर गेल्यात बघ, आत लाकूडही तसंच फिरलेलं असणार." "ही उजेडासाठी झुकलीय, एका अंगानं ताणलेली." मी कंटाळून म्हटलं, "नाना, आपण मुलगी बघायला आलोय का?"

धनसिंग भाई हसले. "बहू, दादा ने तुमको देखने में भी इतना टाइम नहीं लगाया होगा."

"हिच्यात काय बघायचं होतं? रेघा सरळ होत्या," तुम्ही झाडावरची नजर न काढता म्हणालात. हे कौतुक होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि एवढी नाकं मुरडून शेवटी तुम्ही जे झाड घेतलंत, त्याच्या अंगावर छातीच्या उंचीला सुपारीएवढी गाठ. मी म्हटलं, आता का? तुम्ही म्हणालात, "दिसणाऱ्या गाठीचं भय नसतं. रेघा तिला वळसा घालून परत सरळ झाल्यात. आपणही तसाच वळसा घालायचा." तिथून आपलं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, गाठ कोरून काढावी आणि खड्डा भरून टाकावा, किडका दात आपण असाच नीट करतो. तुमचं म्हणणं, गाठीला हात लावायचा नाही, उलट तिच्या आजूबाजूला लाकूड जास्त ठेवायचं. "तू दाताचा दवाखाना काढ," असंही म्हणालात.

पानगळीचे दिवस होते. अशा वेळी झाडाच्या अंगात पाणी कमी असतं, म्हणून तोडायला हाच महिना चांगला. धनसिंग भाईंनी खोड जमिनीपासून हातभर उंचावर तोडलं, म्हणजे खालून फुटवे येतील. मग ते चिरलं, तेही करवतीनं नाही, पाचरी ठोकून. करवत आपल्याला हवी तिथून जाते आणि पाचर लाकडाच्या रेघेनं जाते, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. चार फाळी निघाल्या. घरी आणून तुम्ही त्यांची साल सोलली आणि माझ्या दुधाच्या पातेल्यात मेण वितळवून चारही फाळींची टोकं त्यात बुडवलीत, कारण पाणी टोकांतून आधी पळतं आणि लाकूड तिथून उलायला लागतं. पातेलं मी नंतर मोरीत ठेवलं ते आजही मोरीतच आहे. फाळी पॅसेजमधल्या दिवाणाखाली गेल्या. ऊन नको, वारा नको, कुणी हात लावायचा नाही.

आणि मग तो मे महिना आला.

तुम्ही भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेला होता. मी गच्चीवर वाळवण घातलं होतं, कुरड्या, सांडगे, ज्वारीचे पापड. आमच्या नागपूरकडे उन्हाळ्यात गच्ची रिकामी दिसली तर बायकांना झोप लागत नाही. दिवाणाखाली झाडू मारताना लाकडं हाताला लागली. ओलसर वास येत होता. मला वाटलं, बिचारी चार महिने अंधारात पडलीत, वाळणार कशी? इकडे एवढं ऊन फुकट चाललंय. मी चारही फाळी गच्चीवर नेल्या आणि जुन्या साडीवर पापडांच्या शेजारी ओळीनं मांडल्या. नाना, मी त्या तासातासाला उलटत होते. दोन्ही बाजूंनी नीट वाळाव्यात म्हणून. तुम्ही परत आलात की खूश व्हाल, असं मनात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरून कट् कट् आवाज यायला लागले. मला वाटलं, माकडं आली, कुरड्या खातायत. काठी घेऊन वर धावले तर माकड एकही नव्हतं.

तीन फाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उलल्या होत्या. चौथीला साडीवर जागा पुरली नव्हती, म्हणून ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरकवलेली. तेवढी वाचली. आणि ती नेमकी गाठवाली.

तुम्ही आलात, पाय धुतलेत, गच्चीवर जाऊन आलात, पानावर बसलात. मी मुकाट्यानं नवा पापड भाजून वाढला. तुम्ही तो मोडलात आणि विचारलंत, "लाकडांना पापडखार घातला होतास का?" त्यानंतर चार दिवस एक शब्द नाही. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. पाचव्या दिवशी मी अरेरा कॉलोनीतल्या आमच्या ऑफिसातून घरी आले तर ओट्यावर नवं कोरं लाटणं. उललेल्या लाकडातून तडा चुकवून जेवढा चांगला तुकडा निघाला तेवढ्याचं. "घे. पुरावा रोज हातात असू दे." मग तुम्ही मला पॅसेजच्या दाराशी उभं केलंत, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरलीत आणि चौकटीवर पेन्सिलीनं खूण केलीत. वाचलेलं लाकूड त्या खुणेएवढं कापलंत. "हे आता तुझ्या उंचीचं. तीन तू वाळवलीस, चौथं तूच वाकवायचं. मी फक्त खुर्चीत बसून बोलणार."

माफी मागायची मी ठरवलं होतं, चार दिवस वाक्यं जुळवत होते. पण तुम्ही मापं घेण्यात असे रंगलात की ती मागायची राहिली. नाना, चुकलं माझं. तुमच्या वाळायला ठेवलेल्या लाकडाला तुम्हाला न विचारता हात लावायला नको होता. पोळ्या लाटताना रोज आठवतं.

त्या आठवड्यापासून रविवारचं वजन सुरू झालं. झोपाळ्याच्या कडीला सामान तोलायचा लटकता काटा अडकवायचा, लाकडाला मधोमध सुतळी बांधायची आणि ते स्थिर होईपर्यंत कुणी पंखा लावायचा नाही. आकडा लाकडावरच लिहायचा. सालीकडची बाजू ती धनुष्याची पाठ, सगळा ताण तिच्यावर येणार, म्हणून तिला पेन्सिलसुद्धा लागता कामा नये. लिहायचं ते आतल्या बाजूला, पोटावर, कारण पोट पुढे तासायचंच असतं. पहिला आकडा तुम्ही बरोबर मध्यावर लिहिलात, मूठ येणार तिथे. ३ किलो ५८०. पुढचे आकडे तिथून टोकांकडे सरकत गेले.

पावसाळ्यात आकडा वर चढायचा. "हवेतलं पाणी पितंय. पिऊ दे," तुम्ही म्हणायचात. मी वैतागायची. "अजून किती दिवस, नाना?" "अजून ओलं आहे." हे वाक्य घरात इतकं रुळलं की सुहासला कुणी प्रमोशनचं विचारलं तरी तो म्हणायचा, अजून ओलं आहे. तुमचा नियम साधा होता. लागोपाठ चार रविवार एकच आकडा आला, की लाकूड वाळलं. त्याआधी हत्यार लावायचं नाही. ओल्या लाकडाला वाकवलं तर ते वाकतं खरं, पण परत सरळ व्हायचं विसरतं.

खरं सांगू? पहिल्या वर्षी मला ते वजन म्हणजे शिक्षा वाटायची. दुसऱ्या वर्षी केव्हातरी मी शनिवारपासूनच रविवारची वाट बघायला लागले. सासूबाई गेल्यानंतर तुम्ही आणि मी एका घरात असून कामापुरतंच बोलायचो. भाजी काय आणू, औषध घेतलं का, वीज गेली वाटतं. त्या लाकडानं आपल्याला गप्पांना विषय दिला. तुम्ही मला लाकडाबद्दल सांगायचात आणि मध्येच तुमच्या आईबद्दल सांगायचात, पहिल्या पगारात घेतलेल्या रंध्याबद्दल सांगायचात. माझे स्वतःचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला पुन्हा कुणाची तरी मुलगी झाल्यासारखं वाटायचं.

गेल्या दसऱ्याला तुम्हाला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जिना नको, जोर नको. तुमचे हात थरथरायला लागले म्हणून आकडे मी लिहू लागले. आणि दिवाळीच्या आधी लाकूड थांबलं. २ किलो ९१०. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारीही तेच. त्या दुपारी वरणभात कालवत तुम्ही सुहासला म्हणालात, "पुढच्या रविवारी हाच आकडा आला तर सोमवारपासून काम सुरू. एवढं झालं की मी मोकळा."

तुम्ही सहज बोललात. सुहासही "हो हो" म्हणून ताक पिऊ लागला. मी मात्र हातातला घास परत पानात ठेवला.

चौथ्या रविवारी काटा पुन्हा २ किलो ९१० वर थांबला. खुर्चीतून तुम्हाला तो दिसत नव्हता. तुम्ही विचारलंत, "किती?" मी म्हटलं, "दोन किलो नऊशे."

"हं. म्हणजे अजून ओलं आहे."

आणि मी तो खोटा आकडा तुमच्यादेखत लाकडावर लिहिला.

लाकूड ओलं आहे तोवर तुम्ही कुठे जात नाही, असं मी मनाशी धरलं होतं. वेडेपणाच तो. पण मी तो नऊ रविवार केला, दर वेळी दहा ग्रॅम कमी करत. ऑफिसात मी इतकी वर्षं कागद हाताळते, कधी एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

खोट्या आकड्यांच्या सातव्या रविवारी तुम्ही म्हणालात, "आण ते इकडे." लाकूड मांडीवर घेतलंत, बोटाच्या पेरानं दोन-तीन ठिकाणी ठोकलंत, कान जवळ नेलात. तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत, चांगलं बराच वेळ. मग म्हणालात, "तू म्हणतेस तर असेल ओलं." लाकूड परत माझ्या हातात दिलंत आणि पेपर उघडलात. मी सुटले म्हणून स्वयंपाकघरात पळाले.

त्यानंतर आपले दोनच रविवार झाले. मंगळवारी सकाळी चहा घेऊन आले तर तुम्ही गेला होता.

त्या दिवशी अंगणात तुमची तयारी चालली होती. तुमचे धाकटे भाऊ रेल्वेनं नागपूरहून पोचले होते. ते आत गेले आणि दिवाणाखालून लाकूड काढून घेऊन आले. म्हणाले, "दादाचा जीव होता यात. त्याच्याबरोबर जाऊ दे." चांगल्या मनानं म्हणाले. आजूबाजूच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला, दोघातिघांनी माना डोलावल्या. काका लाकूड घेऊन तुमच्या पायाशी वाकले आणि मी ओरडले, "नाही!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या माणसांत सून ओरडली. मी म्हटलं, "काका, ते ओलं आहे अजून. ओलं लाकूड चितेवर ठेवत नाहीत."

काकांनी आकडे बघितले. सगळ्यात शेवटचा माझाच होता, आदल्या रविवारी लिहिलेला, आधीच्यापेक्षा कमी. त्यांनी मान हलवली आणि लाकूड माझ्या हातात दिलं. तुमच्या शेवटच्या दिवशीही मी तुमच्यासमोर तेच खोटं बोलले, नाना. पण त्या खोट्यानं ते वाचलं.

धनसिंग भाईंना तेराव्याला येता आलं नव्हतं, अंगात ताप होता. ते नंतरच्या आठवड्यात आले, हिरव्या हरभऱ्याची जुडी घेऊन. तुमच्या फोटोसमोर थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "वो लकड़ी कहाँ तक पहुँची, बहू?" मी आणून दिली. त्यांनी पेरानं ठोकली. टण्ण आवाज आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ये तो दिवाली से पहले का सूखा है. दादा ने ठोक के नहीं देखा था क्या?"

"देखा था."

"फिर? कुछ बोले नहीं?"

आणि तेव्हा मला कळलं, नाना. दोन महिने मी ज्याच्यापासून लपवत होते, तो माणूस लाकूड हातात घेऊन त्यातलं पाणी सांगायचा. तुम्ही कान लावलात, तुम्ही ऐकलंत, तुम्हाला कळलं. आणि तुम्ही म्हणालात, तू म्हणतेस तर असेल. मी धनसिंग भाईंसमोर रडले, सुहाससमोर रडले, सगळं सांगून टाकलं, एकेक आकडा. सुहास नुसता माझ्या पाठीवर हात ठेवून बसला. धनसिंग भाई हरभरे सोलता सोलता म्हणाले, "इतवार तो उनको भी चाहिए था ना, बहू."

जाताना दारात थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं. बांधावरच्या त्या खोडाला पाच फुटवे आलेत. "मेरे से भी ऊँचे हो गए. तीन सीधे हैं." आणि मग जरा दटावून, "अब इसको और कितना सुखाओगी?"

त्या संध्याकाळी मी तुमची हत्यारांची पेटी उघडली. पुढचे तीन आठवडे ऑफिसातून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी मी गच्चीवर, त्याच टाकीच्या सावलीत बसत होते. आधी तासायचा वाकस, मग रंधा, मग कानस, शेवटी तुम्ही म्हणायचात तसा काचेचा तुकडा. पहिल्या दिवशी बोट कापलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. सुहास लाकूड धरून बसायचा आणि दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "बस ना आता, बारीक होईल." पोट तासत गेले तसे टोकांकडचे आकडे आधी गेले. ते सगळे माझे होते, नऊच्या नऊ. २ किलो ८२०, ८३०, ८४०, एकेक आकडा रंध्यातून पापुद्र्यासारखा निघून खाली पडत होता. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण हलकंच वाटलं. तुमच्या आकड्यांपाशी आले तेव्हा मात्र हात थबकला. दोन दिवस रंधा लावला नाही. मग तुमचंच बोलणं आठवलं, की पोट पुढे तासायचंच असतं.

गाठीचं काय केलं, ते ऐका. पाठीला हात लावला नाही, तिच्या दोन्ही अंगांना लाकूड जास्त ठेवलं, म्हणजे तुमचं ऐकलं. पण पोटाकडून गाठीच्या कडेला एक सैल खपली हलत होती, ती मी काढून टाकली आणि खळगा लाखेनं भरला, म्हणजे माझंही ऐकलं. आता यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे, आणि मी काय उत्तर दिलं असतं तेही. भांडण बरोबरीत सोडवू या का?

वाकवायचा दिवस आला. एकच लाकूड. तीन मी आधीच घालवलेली. हे मोडलं तर तुमच्यातलं माझ्या हातात काही उरत नाही, लाटण्याशिवाय. भिंतीतल्या खुंटीवर ते आडवं ठेवलं, दोरी लावली, खालून हळूहळू ओढली. वीतभर ओढायचं, थांबायचं, दोरी सुहासकडे देऊन लांब जायचं, धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन बाजू, सारखे वाकतात का बघायचं, जो ताठ वाटेल त्याच्या पोटावरून काच फिरवायची, परत ओढायचं. गाठीकडचा हात हट्टी निघाला. चौथ्यांदा ओढलं आणि कट् असा आवाज आला.

नाना, मी दोरी सोडून डोळे मिटून घेतले. मला गच्चीवरचा तो मे महिना आठवला. सुहास जवळ गेला, लाकडावरून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून आला आणि ओशाळून म्हणाला, "खुंटी हललीय." खुंटी त्यानं ठोकली होती. तुम्ही असता तर त्यावर आठवडाभर बोलला असता, आणि तुमच्या वतीनं मी दोन दिवस बोलून घेतलं.

काल संध्याकाळी दोरी चढवली. मागच्या रिकाम्या प्लॉटवर रेतीचं पोतं ठेवलं आणि मी चपला काढून उभी राहिले, का कुणास ठाऊक. माझ्या उंचीचं धनुष्य, बावन्न वर्षांची बाई, आणि कुंपणावरून बघणारं आमचं अर्धं अयोध्या नगर. ओढलं. गाठ तुम्ही म्हणाला होता तशी गप्प राहिली. बाण पोत्याला लागला नाही, हातभर डावीकडून गेला आणि पलीकडच्या बोरीत घुसला. तो काढताना सुहासचा शर्ट फाटला. पण सोडल्यावर धनुष्य परत सरळ झालं, नाना. मी दहा वेळा सोडलं, दहाही वेळा झालं.

जूनमध्ये एक पाऊस झाला की धनसिंग भाईंकडे जायचं ठरवलंय. ते बांधावर आणखी धामणी लावणार आहेत, खड्डे आम्ही खणायचे. फुटव्यांतले तीन सरळ आहेत, तोडायजोगे व्हायला वर्षं लागतील. मी थांबू शकते, आता जमतं मला ते.

हे लिहून झालं आणि मी सुहासला हाक मारली, "काढ काटा." त्यानं तो झोपाळ्याच्या कडीला लावला, पंखा बंद केला. तुमची खुर्ची होती तिथेच आहे. धनुष्य सुतळीला लटकवलं, ते स्थिर झालं, आणि सुहासनं चष्मा लावून वाचलं.

मुठीवर तुमचा पहिला आकडा मी तसाच ठेवलाय, ३ किलो ५८०. त्याखाली आत्ता पेन्सिलीनं लिहिलं, ६४० ग्रॅम. हा आकडा खरा आहे, नाना. लाकूड वाळलंय.